विरळ घड

वेली फुलोऱ्यात आल्या त्याच आठवड्यात गार वारं सुटलं आणि मागोमाग रिपरिप लागली. सलग पाच दिवस. द्राक्षाचं फूल दिसायला काहीच नसतं, मोहरीएवढी हिरवी टोपी आणि आत चार केस. ती टोपी गळायला ऊन लागतं. त्या वर्षी ऊन पडलंच नाही. टोप्या जागच्या जागी चिकटून राहिल्या, आणि पुढे मणी धरले तेव्हा माझे वडील, म्हणजे आबा, वरच्या उताराच्या पहिल्याच वेलीपाशी थांबले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

घडच होते. पण एकेका घडावर हरभऱ्याएवढे चार मणी, मग नुसती काडी, मग मिरीएवढे दहाबारा, मग परत नुसती काडी.

"दात पडलेलं तोंड बरं याच्यापेक्षा," आबा म्हणाले आणि खाली निघून गेले. दोन दिवस ते उतारावर फिरकले नाहीत.

त्यांचं दुःख मला कळत होतं. आबांनी चाळीस वर्षं खायची द्राक्षं पिकवली. सगळा परिसर त्यांना पेटीमास्तर म्हणतो, आणि ते नाव त्यांना कुणी फुकट दिलेलं नाही. पेटी भरावी तर आबांनी. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, मण्यावरची पांढुरकी साय पुसली जाता कामा नये. तळाला साधे घड, वरच्या थराला देखणे, देठ सगळे आत वळवलेले, मणी सगळे वर. कागद उचलला की पेटी समोरच्याकडे बघून हसायची. खालचा माल वाईट असायचा असं नाही. वाईट घड त्यांनी आयुष्यात पेटीत घातला नाही. पण देखणं वर आणि साधं खाली, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं होतं की घरात पाहुण्यांसमोर केळी ठेवतानाही ते डागाची बाजू खाली करत.

आणि अशा माणसाच्या घरात माझी बायको सून म्हणून आली.

लग्नाआधी तिने वायनरीत दोन हंगाम काम केलं होतं. टाक्या धुतल्या होत्या, निवडायच्या टेबलाशी उभं राहून लाखो मणी डोळ्यांखालून घातले होते. वरचा खडकाळ उतार, जिथे आबांची द्राक्षं कधी फुगली नाहीत, तो तिने मागून घेतला आणि वाईनच्या काळ्या द्राक्षांच्या वेली लावल्या. "वाईनला मोठा मणी नको, आबा," ती सांगायची. "सगळा रंग सालीत असतो. मणी जितका बारीक, तितकी साल जास्त."

"मग मनुकेच लाव की," आबा म्हणायचे.

गेल्या हंगामाच्या शेवटी वायनरीच्या बाई, म्हणजे तिथली वाईन बनवणाऱ्या बाई, आमच्या उतारावर येऊन गेल्या. त्यांच्याकडे एक लहान टाकी आहे. बाकी सगळ्यांची द्राक्षं मोठ्या टाक्यांमध्ये एकत्र पडतात, कुणाची कुठली ते दळणात गेलेल्या दाण्यासारखं, कळत नाही. लहान टाकीत मात्र दरवर्षी एकाच मळ्याची द्राक्षं जातात, आणि त्याची वाईन शेवटपर्यंत वेगळी राहते. बाईंनी चार मणी तोंडात टाकले, बिया चावून बघितल्या आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमच्या उताराचं बघू या."

एवढंच. पण त्या एका वाक्यावर माझ्या बायकोने अख्खं वर्ष काढलं. आणि नेमकं त्याच वर्षी हे असं झालं.

ती रडली वगैरे नाही. उतार वरपासून खालपर्यंत चालली, विरळ घड हातावर तोलून बघितले आणि म्हणाली, "हे ठेवायचे."

"आणि भरलेले?" मी विचारलं. खालच्या ओळींमध्ये बऱ्याच वेलींवर चांगले गच्च घड लागले होते.

"त्यातले निम्मे कापायचे. म्हणजे वेलीची ताकद उरलेल्यांत उतरेल."

हे ऐकायला आबा तिथे नव्हते ते बरं झालं. पण कापायच्या दिवशी ते आलेच. आम्ही तिघं तीन ओळींमध्ये शिरलो. काळे पडायला लागलेले, भरदार घड कात्रीने कट् करून तोडायचे आणि तिथेच मातीत टाकायचे. सकाळी दहापर्यंत आबांच्या पायांशी जेवढे घड पडले होते त्याच्या तिप्पट तिच्या पायांशी होते. आबा प्रत्येक घड खाली वाकून हळूच ठेवत होते.

"आबा, टाका ना," ती म्हणाली. "वाकून वाकून कंबर धरेल तुमची."

"माझी कंबर, मी बघतो."

संध्याकाळी त्यांना उठता येईना. मी तेल चोळून दिलं. पालथे पडून ते उशीत बोलत होते, "सोन्यासारखा माल मातीत घातला सूनबाईने. आणि ती झिपरी पोरं ठेवली." 

मिरीएवढ्या मण्यांमधले काही हिरवेच राहिले. ते वाईनमध्ये गेले तर चव कच्ची येते, म्हणून तिने आम्हाला कात्रीच्या टोकाने एकेक काढायला लावले. पंधरा दिवस. मान वर, हात वर, ऊन तोंडावर. माझ्या खांद्यात चमक भरली, तिची बोटं कात्रीच्या कड्याने सोलून निघाली. आबा पलीकडच्या ओळीतून ओरडले, "अरे, आयुष्यात सगळं केलं, द्राक्षाच्या उवा काढायच्या राहिल्या होत्या!"

ती हसली. खरं तर आबा टोमणे मारत होते, पण हात त्यांचे तिच्याहून साफ चालत होते, आणि ते तिनेच मला रात्री जेवताना त्यांच्यासमोर सांगितलं. आबांनी ऐकू न आल्यासारखं करून पाणी मागितलं.

मग तोडणीला तीन आठवडे असताना पाऊस आला. फुलोऱ्यातला पाऊस परवडला म्हणायची वेळ आली. चार दिवस आभाळ उघडलं नाही. पिकत आलेला मणी पाणी प्यायला की फुगतो, साल ताणते, फुटते, आणि एक मणी फुटला की त्याच्या शेजारचा कुजतो. गच्च घडात आत हवा शिरत नाही. बाहेरून टवटवीत दिसणारा घड दाबून बघितला की आतून आंबूस वास यायचा. शेजारच्या मळ्यावाल्याने, ज्याला मोठ्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात, बांधावरून ओरडून सांगितलं, "संपलं बघा यंदाचं! मी तर हात टेकले!"

आमच्याकडे कुणी हात टेकले नाहीत. पाऊस थांबेल त्या तासाला ती मळ्यात असायची. घडांभोवतीची पानं खुडायची, म्हणजे वारा लागेल. मी फवारणीचं यंत्र औषधाशिवाय नुसतं पंख्यावर चालवून ओळीओळीतून फिरवलं, घडांवरचं पाणी उडवून लावायला. चिखलात चाक रुतायचं, आबा मागून खांदा लावायचे. सत्तरीचा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून सुनेच्या झिपऱ्या पोरांना वारा घालत होता.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. कुजलेले घड काढून टाकल्यावर खालच्या ओळींमध्ये बरे राहिले ते थोडेच. पण वरच्या बाजूच्या विरळ घडांना काहीही झालं नव्हतं. पाणी आलं, वाऱ्याने निघून गेलं. बायको एका वेलीपाशी उकिडवी बसली आणि एकेका घडाच्या फटींतून बोट घालून बघत राहिली. "एकही नाही," ती म्हणाली. "अहो, एकही मणी कुजलेला नाही." तिच्या हनुवटीला चिखल लागला होता आणि ती इतकी खूश होती की मला तो पुसावासाही वाटला नाही.

पुढे दोन आठवडे उन्हाने कसर भरून काढली. तोडणी पहाटे उजाडताना सुरू केली, म्हणजे द्राक्षं गार असताना वायनरीत पोचतील. तोडायला शेजारच्या चौघी बायका होत्या. माझी बायको खालच्या ओळींमध्ये उभी राहून प्रत्येक घड तपासून घेत होती, तिथेच कुजीचा धोका होता. मी भरलेल्या पेट्या टेम्पोत चढवत होतो. आणि पेट्या भरायला अर्थातच आबा. साठ पेट्या झाल्या. शेवटची पेटी चढवताना मी बघितलं, वरचा थर अगदी आरशासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. आबांच्या पेट्या अशाच असतात, मी जन्मापासून बघत आलोय.

वायनरीच्या फाटकाशी रांग होती. आमच्या मागेच भोंगा पावसातून वाचलेल्या मालाच्या पेट्या घेऊन उभा होता. बाई पांढऱ्या गमबुटात प्रत्येक गाडीपाशी येत होत्या. त्यांनी आमची पहिली पेटी उतरवली, बघितली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी वरचा थर दोन्ही हातांनी बाजूला केला. खाली विरळ, वेडेवाकडे, बारीक मण्यांचे घड. दुसरी पेटी. तेच. तिसरी. तेच.

"ही पेटी कुणी भरली?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

भिंतीवर पाटी होती, वर एक आणि खाली एक माल निघाला तर तो वेगळा धरला जाणार नाही. म्हणजे सरळ मोठी टाकी.

भोंग्याला आयतंच मिळालं. "अहो पेटीमास्तर! हा काय बाजार वाटला का? इथे तळ बघतात!" दोनचार लोक हसले.

माझ्या बायकोचा चेहरा पांढरा पडला. वर्षभर ज्या बाईंच्या एका वाक्यावर ती जगली, त्या बाई तिच्याकडे फसवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होत्या. ती एक शब्द बोलली असती, सासऱ्यांनी भरली, मला ठाऊक नव्हतं, तर सुटली असती. खरंही तेच होतं. ती म्हणाली, "आमच्या घरची पेटी आहे, बाई. जबाबदारी माझी."

"तुमची कशी?" आबा टेम्पोतून खाली उतरत म्हणाले. घाईत त्यांचा पाय फळीवरून सटकला, मी धरलं, त्यांनी माझा हात झटकला. "मी भरली. सगळ्या साठच्या साठ मी भरल्या. हिला काही माहीत नाही."

"का असं केलंत, आबा?" बाई म्हणाल्या. "फसवायला?"

"फसवायला नाही."  आबांनी इकडेतिकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्या लोकांनी त्यांच्या पेट्यांकडे तोंडात बोट घालून बघितलं, तेच उभे होते. "लाज वाटली म्हणून. असला माल माझ्या हातून कधी गेला नाही. म्हटलं, निदान वरून तरी बरा दिसावा."

कुणी हसलं नाही.  बाईंनी खिशातून गोडी मोजायची नळी काढली, आबा जिला दुर्बीण म्हणतात ती. वरच्या थरातल्या देखण्या घडाचे दोन मणी काचेवर चुरडले आणि उजेडाकडे धरून बघितलं. "एकवीस." काच पुसली. तळातला एक घड उचलला, त्याचे मणी चुरडले. बघितलं. परत काच पुसली, दुसऱ्या पेटीच्या तळातला घड घेतला. परत बघितलं.

"पंचवीस," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा." त्यांनी त्यातला एक मणी तोंडात टाकला, चावला, साल जिभेवर फिरवली. ओठ जांभळे झाले. मग त्या आबांकडे बघून हसायला लागल्या, आणि हसणं काही आवरेना. "आबा, लोक चांगला माल वर ठेवतात आणि वाईट खाली लपवतात. तुम्ही सोनं लपवलंत आणि पाणी वर मांडलंत!"

आबांना कळायला वेळ लागला. मला कळलं, आणि बायकोला तर माझ्याआधी. तिने दोन्ही हातांनी टेम्पोची फळी घट्ट धरली.

पाटी फसवणाऱ्यांसाठी आहे म्हणत बाई लगेच कामाला लागल्या. साठही पेट्यांचा वरचा थर मोठ्या टाकीत जाईल, खालचा माल लहान टाकीसाठी बघू. पण वजन करून आल्यावर त्यांनी मान हलवली. "सहाशे किलो भरतोय. लहान टाकीला कमीत कमी साडेसातशे लागतो. तेवढा नसेल तर वाईन नीट होत नाही. माझाही नाइलाज आहे."

दीडशे किलो. तोंडाशी आलेला घास. मी मनातल्या मनात उतारावरची एकेक ओळ मोजत होतो, सगळं तोडून आणलं होतं.

"अजून एक सांगायचं आहे," आबा म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "वरच्या चार ओळी तोडल्याच नाहीत. मी बायकांना सांगितलं, तिकडे जाऊ नका, तिथे काही नाही. सगळ्यात झिपरे तिथेच होते."

माझ्या बायकोने सासऱ्यांकडे बघितलं. आता ही काय बोलते म्हणून मी दोघांच्या मधे सरकलो. ती म्हणाली, "आबा, तुम्ही देवमाणूस आहात. गाडीत बसा."

"दोन वाजेपर्यंत," बाई मागून ओरडल्या. "आणि गरम द्राक्षं आणलीत तर परत पाठवीन!"

तेव्हा दहा वाजून गेले होते. वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. चौघी बायका घरी गेल्या होत्या, त्यांतल्या दोघी जेवणं टाकून परत आल्या. चार ओळींमध्ये आम्ही पाच माणसं.  कात्र्यांचा आवाज तेवढा. घाम डोळ्यांत जात होता, रसाने बोटं चिकटत होती, गांधीलमाश्या हाताभोवती फिरत होत्या. मला दोन चावल्या.

द्राक्षं गार कशी ठेवायची हा प्रश्न मात्र आबांनीच सोडवला. उन्हाळी मालाची आयुष्यभर ने-आण केलेला माणूस. तोडलेला घड क्षणभरही उन्हात राहू द्यायचा नाही, पेटी वेलीच्या सावलीतच सरकवायची. टेम्पोच्या टपावर त्यांनी ओली गोणपाटं पसरली, दोन्ही बाजूंना लोंबती सोडली, पण पेट्यांना ओल लागू दिली नाही. "मण्याला पाणी लागलं तर चार दिवस वारा घातला तो कशाला?" ते माझ्यावर खेकसले. पेट्या ते अर्ध्याच भरत होते, खालच्यावर वजन पडून मणी फुटू नयेत म्हणून. आणि भरताना घड जसा हातात येईल तसा ठेवत होते. मी बघितलं, एकदा त्यांचा हात सवयीने एका बऱ्या दिसणाऱ्या घडाला वर घ्यायला गेला. मग त्यांनी स्वतःच्याच मनगटावर चापट मारली.

एक वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही फाटकात शिरलो. भोंगा अजून तिथेच होता, त्याच्या गाडीचं वजन केव्हाच झालं होतं, पण गंमत बघायला थांबला होता. त्याने टेम्पोत डोकावून बघितलं.

"काय हो मास्तर, कोंबड्यांना घालायला आणलेत का?"

"हात लावू नकोस," आबा म्हणाले. "परवडायचे नाहीत तुला."

बाई आल्या. त्यांनी मण्यांवर हाताची पालथी बाजू ठेवली. गार होते. त्यांनी वरचा घड बाजूला करून खाली बघायला हात घातला, तेवढ्यात आबांनी पेटी उचलली.

"असं नको, बाई. नीट बघा."

ज्या माणसाने चाळीस वर्षांत द्राक्षाचा एक घड आपटू दिला नाही, त्याने ती पेटी निवडायच्या टेबलावर सगळ्यांसमोर उपडी केली. वाकडेतिकडे, बुटके, फटीफटींचे, काळेभोर घड टेबलभर पसरले. रांगेतली माणसं पुढे सरकली. आबांनी दुसरी पेटी उचलली, तीही उपडी केली. मग तिसरी. चष्मा नाकावरून घसरला होता, ऊर धपापत होता.

"वर-खाली एकच आहे," ते म्हणाले, आणि आवाज असा काढला की भोंग्याने मान खाली घातली. "बघून घ्या सगळ्यांनी. माझ्या सुनेने पिकवलंय."

काटा एकशे अठ्ठावन्न किलोवर थांबला.

"लहान टाकी," बाईंनी आत हाक दिली.

सबंध वर्षात, फुलोरा गेला तेव्हा किंवा पाऊस आला तेव्हा, माझी बायको रडली नव्हती. आता ती आबांच्या शेजारी उभी राहून जांभळ्या हातांनी डोळे पुसत होती आणि सगळं तोंड जांभळं करून घेत होती. त्या दोघांकडे बघून मला इतका अभिमान वाटला की मी टेम्पोच्या पलीकडे जाऊन उगाचच चाकं तपासत बसलो. तिथून मला आबांचं बोलणं ऐकू आलं. ते निवडणाऱ्या बायकांना सांगत होते, देठाला धरा, मण्याला बोट लावू नका, साय पुसेल.